रॅमचा कोट उतरवताना

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. हा लेख लिहिणारा कॉम्प्युटर ब्रँचचा नाही. मी मेकॅनिकलचा, अंतिम वर्षाचा. रॅमवर लेख लिहायचा अधिकार मला मिळाला तो एक रॅम मारून. तीसुद्धा स्वतःची नाही, रूम पार्टनरची!

डिसेंबर २०२५ मधली गोष्ट. आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट होता कांदा वाळवायचा सोलर ड्रायर. ड्रायरमधून गरम हवा कशी फिरते याचं सिम्युलेशन करायचं होतं. लॅब पाच वाजता बंद होते आणि आमचं सिम्युलेशन एकदा सुरू केलं की चौदा-चौदा तास चालणार. तेव्हा पार्टनरने आपला पीसी पुढे केला. हा पीसी म्हणजे त्याच्या घरच्या सोयाबीनचा पीसी. लातूरकडे त्यांची शेती आहे. हा सेकंड इयरला असताना एका हंगामात बरे पैसे आले, तेव्हा वडिलांनी घेऊन दिलेला. त्यात ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, आणि त्यांच्यावर लालभडक, वर कंगोरे असलेलं ॲल्युमिनियमचं कव्हर. यालाच हीट स्प्रेडर म्हणतात. आपण सोयीसाठी कोट म्हणू.

प्रोसेसरचा मूळचा पंखा रात्रभर इतका ओरडायचा की शेजारच्या रूममधले भिंत वाजवायचे. म्हणून एका सीनियरकडून मोठा टॉवर कूलर स्वस्तात घेतला. बसवायला गेलो तर कूलरचा पंखा रॅमच्या डोक्यावर आपटतो. पट्टी लावून मोजलं. पंख्याखाली जागा ३६ मिलिमीटर, कोटासकट रॅमची उंची ४२. पंखा वर सरकवावा तर तीन मिलिमीटरनंतर कॅबिनेटचं झाकण लागत नाही. मदरबोर्डवर स्लॉटच दोन, आणि दोन्ही पंख्याच्या खाली.

रात्रीचे साडेअकरा वाजलेले. मी म्हणालो, "हे लाल कव्हर नुसतं चिकटवलेलं असतं रे. काढून टाकू."

"नक्की ना?"

"अरे, हीट ट्रान्सफरमध्ये मला किती पडलेत, विसरलास का?"

चपटा स्क्रूड्रायव्हर फटीत घातला आणि उचकटला. 'टक्' असा बारीक आवाज आला आणि कव्हर निघालं. कव्हरला चिकटून एक काळी चिपही निघाली.

पार्टनर चिडला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याने ते कव्हर हातात घेतलं, चिपकडे बघितलं आणि विचारलं, "परत चिकटते का रे ही?"

नाही चिकटत. का नाही चिकटत, मुळात तो कोट कशासाठी असतो, आणि काढायचाच असेल तर कसा काढायचा, हे मी नंतरच्या पंधरा दिवसांत शिकलो. खरं तर स्क्रूड्रायव्हर उचलायच्या आधी शिकायला हवं होतं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

हा कोट आला कुठून?

जुन्या पीसीमधल्या रॅम तुम्ही पाहिल्या असतील. हिरवी पट्टी, तिच्यावर काळ्या चिपा, बस्स. कोट वगैरे काही नाही. पीसीच्या दुनियेत हा कोट मोठ्या प्रमाणावर आला तो आरडीरॅम नावाच्या मेमरीबरोबर. नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ बाजारात आला तेव्हा त्याच्यासोबत हीच मेमरी लावावी लागे.

आरडीरॅमला कोटाची खरोखर गरज होती. आपल्या नेहमीच्या रॅममध्ये सगळ्या चिपा मिळून काम करतात. मदरबोर्ड एका वेळी ६४ बिट मागतो आणि आठ चिपा प्रत्येकी ८ बिट देतात. काम वाटले गेले की उष्णताही वाटली जाते. आरडीरॅममध्ये मात्र एका वेळी एकच चिप सगळा डेटा पुरवायची. त्यामुळे तेवढी एक चिप तापायची आणि बाकीच्या गार. ती एका जागची उष्णता पूर्ण पट्टीवर पसरवायला धातूचा पत्रा हवाच होता. हीट स्प्रेडर, म्हणजे उष्णता पसरवणारा, हे नाव त्याला शोभतेही.

पुढे आरडीरॅम बाजारातून गेली, पण कोट मागे राहिला. साध्या रॅमनेही तो अंगावर चढवला. आधी साधा पत्रा होता, मग त्याला रंग आला, कंगोरे आले, आणि आता तर आत दिवाळीच्या माळेसारखे दिवे लागतात. लग्नात शिवलेला ब्लेझर पुढे प्रत्येक कार्यक्रमाला घालून जाणारे काका असतात ना, तसे हे झाले.

अर्थात सगळेच कोट शोभेचे नसतात. २००६ च्या सुमारास सर्व्हरमध्ये एफबी-डिम नावाची मेमरी आली. तिच्या मधोमध एक बफर चिप असे आणि ती भयंकर तापे. आजच्या डीडीआर५ मध्ये व्होल्टेज सांभाळणारी चिप मदरबोर्डवरून उठून थेट रॅमच्या पट्टीवर आली आहे. तीही बऱ्यापैकी गरम होते. तेव्हा 'कोट म्हणजे निव्वळ दिखावा' असे सरसकट म्हणता येत नाही. कोणाचा कोट, हे आधी बघायचे.

जरा गणित करू

घाबरू नका, सूत्र एकच आहे. बारावीपासून ओळखीचे. उष्णता बरोबर एच गुणिले क्षेत्रफळ गुणिले तापमानातला फरक. यातला एच म्हणजे हवा किती जोमाने उष्णता पळवते त्याचा आकडा. स्थिर हवेत तो साधारण १० धरतात. पंख्याचा मंद झोत असेल तर २५ धरू.

आमच्यासारखी ८ जीबीची डीडीआर४ रॅम १.२ व्होल्टवर चालते आणि कामात असताना २ ते ३ वॅट खाते. आपण ३ धरू. आपला जुना झिरोचा बल्ब नावाला झिरो, पण तोसुद्धा १५ वॅटच्या आसपास खायचा. म्हणजे रॅम त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी. प्रोसेसर मात्र ६५ वॅट आणि त्याच्याही पुढे जातो.

बिनकोटाच्या रॅमची पट्टी सुमारे १३३ मिलिमीटर लांब आणि ३१.२५ मिलिमीटर उंच. दोन्ही बाजू मिळून क्षेत्रफळ ८३ चौरस सेंटिमीटर. आमच्या ४२ मिलिमीटरच्या कोटाचे ११२ चौरस सेंटिमीटर, कंगोरे सोडून. आता सूत्रात आकडे टाका. स्थिर हवेत बिनकोटाची रॅम आजूबाजूच्या हवेपेक्षा ३६ अंशांनी गरम होते आणि कोटवाली २७ अंशांनी. पंख्याच्या झोतात बिनकोटाची १४-१५ अंशांनी आणि कोटवाली ११ अंशांनी.

हा सगळा अंदाज आहे, पण दिशा बरोबर दाखवतो. हवा स्थिर असेल तर कोट ९ अंश वाचवतो. हवा हलती असेल तर जेमतेम ४ अंश. आणि नुसता पंखा लावला तर बिनकोटाच्या रॅमचे २१ अंश वाचतात! म्हणजे कोटापेक्षा वारा महत्त्वाचा. मे महिन्यात हॉस्टेलच्या गच्चीवर झोपणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

हाच हिशोब नागपूरच्या मे महिन्यात लावून बघा. रूममध्ये ४२ अंश. कॅबिनेटच्या आत आणखी ८ चढले, म्हणजे ५०. पंखा नाही, कोट नाही. ५० अधिक ३६, झाले ८६. आणि रॅमच्या चिपची नेहमीच्या वापराची मर्यादा आहे ८५ अंश. आता बोला!

८५ ला काय होतं?

८५ ला रॅम जळत नाही, पण गळायला लागते.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर आणि त्याच्या तोंडाशी एक ट्रान्झिस्टर. ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची, त्यांना १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळाले. कपॅसिटरमध्ये चार्ज भरला असेल तर एक, नसेल तर शून्य. पण हा कपॅसिटर म्हणजे झिरपणारा माठ. भरून ठेवला तरी आपोआप रिकामा होत जातो. म्हणून डीडीआर४ मध्ये दर ६४ मिलिसेकंदात प्रत्येक ओळ एकदा वाचून पुन्हा भरून ठेवावी लागते. याला रिफ्रेश म्हणतात.

तापमान वाढले की माठ जास्त झिरपतो. म्हणून ८५ च्या वर गेल्यास रिफ्रेश दुप्पट वेगाने, ३२ मिलिसेकंदात करावा लागतो, आणि तोही ९५ अंशांपर्यंतच. हे जमले नाही तर कुठला तरी एक शून्य होतो. पीसी बंद पडला तर निदान कळते तरी. पण साध्या रॅममध्ये चूक पकडायची सोयच नसते. चौदा तासांच्या सिम्युलेशनमध्ये एखादा आकडा गुपचूप बदलला तर तो रिपोर्टमध्ये जाणार आणि एक्स्टर्नलसमोर आपण त्याचे समर्थन करत बसणार.

तेव्हा कोट काढणाऱ्याने पहिली अट लक्षात ठेवावी. काढलास तर वारा दे.

मग काढायचा की नाही?

कोट काढायची कारणे दोन-तीनच असतात. एक, आमच्यासारखी उंचीची अडचण. दोन, आत कुठल्या चिपा आहेत ते बघायची हौस. तीन, दुरुस्ती.

पैकी चिपा बघायला कोट काढायची गरजच नाही. रॅमच्या पट्टीवर एक छोटी एसपीडी नावाची चिप असते, तिच्यात रॅमची सगळी कुंडली लिहिलेली असते. विंडोजवर सीपीयू-झेड आणि लिनक्सवर डीकोड-डिम्स चालवा, बहुतेक माहिती घरबसल्या मिळते.

उंचीच्या अडचणीतही आधी दुसरे उपाय बघा. कूलरचा पंखा वर सरकतो का? रॅम लांबच्या स्लॉटमध्ये लावता येते का? काही कोटांचा वरचा कंगोऱ्यांचा भाग स्क्रूने बसवलेला असतो, तेवढाच निघतो का? आणि नवीन घेत असाल तर आधी उंची बघूनच घ्या. बिनकोटाची डीडीआर४ आणि डीडीआर५ ३१.२५ मिलिमीटर, डीडीआर३ ३० मिलिमीटर. आठवड्याच्या मेसच्या मेन्यूइतके हे आकडे पाठ असू द्या.

वॉरंटी चालू असेल तर कोटाला हात लावू नका. कोट काढला की वॉरंटी गेली. सर्व्हरमधल्या एफबी-डिमचा काढू नका. ओव्हरक्लॉक केलेल्या रॅमचा काढू नका. आणि कोट टेपने न चिकटवता कडक इपॉक्सीने चिकटवला असेल तर नमस्कार करून सोडून द्या.

स्टीलचा डबा आणि आईची युक्ती

आता मुख्य मुद्दा. माझी चिप का उपटली?

दुसऱ्या दिवशी मेलेली रॅम खिशात घालून हार्डवेअर लॅबच्या मामांकडे गेलो. मामांनी ती मायक्रोस्कोपखाली धरली आणि मला बघायला सांगितलं. चिप होती तिथे सोल्डरच्या ठिपक्यांची रांगोळी. पण एका कडेला चार ठिपके गायब, तिथे बोर्डाचे पिवळट धागे दिसत होते.

"पॅड उपटून आलेत," मामा म्हणाले. "नुसती चिप सुटली असती तर बघितलं असतं. आता बोर्डच फाटलाय. ही गेली."

डीडीआरच्या पहिल्या पिढीत चिपांना दोन्ही बाजूंना पाय असायचे. डीडीआर२ पासून पाय गेले आणि चिपच्या पोटाखाली सोल्डरचे बारीक गोळे आले. आमच्या रॅमच्या एका चिपखाली ७८ गोळे होते. सगळे मिळून चिपला चांगले धरून ठेवतात. पण मी स्क्रूड्रायव्हरने एका कडेकडून उचकटले, तेव्हा ७८ जणांनी मिळून जोर सोसला नाही. कडेच्या चार-पाच गोळ्यांवर सगळा भार आला. ते सुटले, मग पुढचे, मग पुढचे. पाकिटाची चेन उघडावी तसे. आणि ६४ बिटांपैकी ८ बिट देणारी चिपच गेली म्हटल्यावर उरलेल्या सात चिपा धडधाकट असून उपयोग शून्य.

"पण मामा, टेप सुटायच्या आधी सोल्डर कसं सुटलं? टेप तर मऊ असते."

मामा हसले. "नवीन स्टीलच्या डब्यावरचं स्टिकर तुझी आई कसं काढते?"

"गॅसवर डबा जरा गरम करते, मग सरळ निघतं."

"आणि तू गार असताना ओढून काढलंस तर?"

"अर्धं फाटतं, अर्धं तसंच राहतं."

"मग? हीट ट्रान्सफरमध्ये किती पडलेत म्हणालास?"

काय बोलणार! ही टेप ॲक्रिलिक चिकटद्रव्याची असते. तिचा स्वभाव घट्ट मधासारखा. गार असताना आणि झटका दिल्यावर ती दगडासारखी वागते. गरम करून हळूहळू ओढल्यावर ती वाहते. म्हणजे तिची ताकद तीन गोष्टींवर ठरते. तापमान किती, ओढायचा वेग किती आणि दिशा कुठली. मी तिन्ही चुकीच्या निवडल्या. रात्री थंडीत, झटक्याने, आणि उचकटून वरच्या दिशेने. टेप घट्ट राहिली आणि सर्वांत कमजोर कडी तुटली. ती कडी टेप नव्हती, बोर्डावरची पॅड होती.

सोल्डर मात्र गरमीला इतक्यात दाद देत नाही. शिशाचे जुने सोल्डर १८३ अंशांना वितळते आणि आजचे बिनशिशाचे सुमारे २१७ ला. टेप ६०-७० अंशांना नरमते. दोघांत एवढे मोठे अंतर आहे, आणि आपले सगळे काम त्या अंतरात करायचे. चिप न वापरता नुसती ठेवली असेल तर १०० अंशांपर्यंतची तिला परवानगी असते, तेव्हा ६०-७० ला तिला काही होत नाही.

प्रत्यक्ष कृती

दुसरी रॅम अजून कोटातच होती. पार्टनरला विचारायचा धीर होत नव्हता. शेवटी तोच म्हणाला, "मामा समोर बसणार असतील तर काढ." मामा बसले. मी काढली. वीस मिनिटे लागली. कसे केले ते क्रमाने सांगतो.

१. आधी रॅम ठणठणीत आहे ना ते बघा. मेमटेस्ट८६ प्लस फुकट मिळते, पेनड्राइव्हवर टाकून एक पूर्ण फेरी चालवा. नंतर चूक दिसली तर ती आधीची की आपली, हे कळायला हवे.

२. पीसी बंद, प्लग बाहेर. पॉवरचे बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या. अंगातली स्थिर वीज घालवायला कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. हिवाळ्यात हे जास्त महत्त्वाचे. लोकरी स्वेटर घालून, ब्लँकेटवर बसून हे काम करू नका. लॅबमधून मनगटाचा पट्टा मिळाला तर उत्तमच. रॅम कडांना धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका.

३. कोट कशाने धरलाय ते बघा. वर चिमटे असतील तर ते आधी बाजूला सरकवून काढा. स्क्रू असतील तर स्क्रू. कोटावरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण मॉडेल नंबर तिथेच असतो.

४. हेअर ड्रायर घ्या. आमच्या मजल्यावर एकच होता, त्याच्या मालकाला चहा पाजावा लागला. दहा-पंधरा सेंटिमीटरवरून, हात हलता ठेवून, प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटे. कोटाला बोट लावल्यावर पटकन काढून घ्यावेसे वाटेल इतके गरम झाले की पुरे. वर्कशॉपमधली हीट गन आणू नका. ती शेकडो अंशांवर जाते, मग टेपच्या आधी सोल्डर निघेल.

५. आधी चिपा नसलेली बाजू काढा. आमच्या रॅमसारख्या एका बाजूला आठ चिपा असलेल्या पट्टीत मागचा पत्रा कोऱ्या बोर्डाला चिकटलेला असतो. तो आधी निघाला की पुढचे सोपे जाते आणि हातालाही अंदाज येतो.

६. आता चिपांची बाजू. दात साफ करायचा फ्लॉस किंवा गळाची बारीक नायलॉन दोरी घ्या. कोट आणि चिप यांच्या मधल्या टेपमध्ये ती घालून करवतीसारखी मागेपुढे, अगदी सावकाश ओढत न्या. दोरी चिपच्या वरून जायला हवी. चिप आणि बोर्ड यांच्या मधे ती कधीही जाता कामा नये. चिपांच्या कडेला तांदळाच्या कणीपेक्षा लहान कपॅसिटर आणि रेझिस्टर असतात, दोरी त्यांच्यात अडकू देऊ नका.

७. दोरी नसेल तर कोट बोर्डाच्या लांबीच्या दिशेने सरकवायचा प्रयत्न करा. वर ओढू नका. हलका जोर देऊन तसेच एक मिनिट धरून ठेवा. टेप हळूहळू वाहते आणि कोट केसभर सरकतो. तो पहिला केसभर सरकलेला कळला की अर्धे काम झाले. मधेच घट्ट वाटले तर जोर वाढवू नका, पुन्हा गरम करा. मामांचे वाक्य लक्षात ठेवा: "जोर लावावासा वाटला की ड्रायर लाव."

८. स्क्रूड्रायव्हर, ब्लेड, सुरी यांना या कामात बंदी. फारच गरज पडली तर जुन्या प्लॅस्टिक कार्डाचा तुकडा, तोही चिपच्या वरूनच.

९. चिपांवर राहिलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुसा. पेट्रोल नको, नेलपॉलिश रिमूव्हर तर नकोच. सोनेरी पट्ट्याही त्याच अल्कोहोलने पुसा. त्यांच्यावर खोडरबर घासायची आपल्याकडे जुनी सवय आहे, पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. रोज घासायची ती गोष्ट नाही.

१०. दहा-पंधरा मिनिटे वाळू द्या. मोबाइलचा कॅमेरा झूम करून प्रत्येक चिप आणि प्रत्येक बारीक भाग जागेवर आहे ना ते बघा. मग रॅम लावा आणि मेमटेस्ट रात्रभर चालवा. एकही लाल ओळ आली नाही तर पास.

हिशोब

राहता राहिली मेलेल्या रॅमची भरपाई. मुहूर्तही मी असा काढला होता की विचारू नका. एआयच्या डेटा सेंटरसाठी लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळले आणि २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत आपल्यासारख्यांच्या साध्या रॅमचे भाव भडकले. दुकानदाराने आकडा सांगितला तेव्हा मला वाटलं दोन रॅमचा सांगतोय. तो एकीचाच होता.

शेवटी इंडस्ट्रियल व्हिजिटच्या ट्रिपसाठी साठवलेले पैसे काढले आणि एक जुनी, बिनकोटाची ८ जीबीची रॅम मिळवली. वेगवेगळ्या कंपनीच्या दोन रॅम एकत्र चालल्या, कमी वेगवालीच्या वेगाने का होईना. ट्रिपचे फोटो मी ग्रुपवर बघितले. पण जोडी आठवडाभर मेमटेस्टमध्ये पास, टॉवर कूलरचा पंखा दोघींच्या डोक्यावरून वारा घालतोय, आणि शेजारच्यांनी भिंत वाजवणं बंद केलं. कांद्याचं सिम्युलेशन जानेवारीत पूर्ण झालं.

पार्टनरने घरी काही सांगितलं नाही असं मला वाटत होतं. फेब्रुवारीत त्याचे वडील हॉस्टेलवर आले. पीसीकडे बघून म्हणाले, "चालतोय ना रे नीट?" मी मान खाली घातली. पार्टनर म्हणाला, "चालतोय बाबा. यानं दुरुस्त केला." त्या वाक्याने जेवढा चटका बसला तेवढा ड्रायरनेही बसला नव्हता. मग मीच त्यांना सगळं सांगून टाकलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "अरे, शेंगसुद्धा नीट वाळल्याशिवाय फुटत नाही. ओली असताना दामटलं की दाणाच फुटतो."

मामांनी, आईने आणि काकांनी एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगितली. मी ती चार क्रेडिटच्या विषयात ए ग्रेड मिळवूनही शिकलो नव्हतो. मेलेली रॅम आता माझ्या टेबलासमोर खिळ्याला टांगली आहे. सात चिपा आणि एक रिकामी जागा. कुठलंही झाकण उचकटायच्या आधी मी तिच्याकडे एकदा बघतो.

रूम नंबर सांगत नाही, पण ज्यांना कोट काढायचा आहे त्यांनी जरूर यावं. फ्लॉस माझ्याकडे आहे. ड्रायर तुमचा तुम्ही आणा.

चूकभूल द्यावी घ्यावी.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी